गोष्ट नसलेले चित्रपट कसे पाहावे

तीन वर्षांपूर्वींची हकीकत आहे. नववीच्या वर्गाला मीं "मला आवडलेला चित्रपट" या विषयावर निबंध लिहावयास दिला होता. वह्या तपासतांना एका विद्यार्थिनीचा निबंध हातीं आला. त्यांत नायक नव्हता, नायिका नव्हती, आणि "शेवटीं सत्याचाच जय होतो" हें आमच्या निबंधांतलें ठरीव वाक्यहि नव्हतें. तिनें लिहिलें होतें कीं, पांढऱ्या कापडावर डाळिंबें ठेवलेलीं असतात आणि कोणीं हात न लावतां त्यांचा रस कापडांत पसरत जातो. एका मठाच्या छपरावर भिजलेलीं पुस्तकें वाळत घातलेलीं असतात, वाऱ्यानें त्यांचीं पानें उलटत असतात, आणि त्यांच्यामध्यें एक लहान मुलगा पडलेला असतो. असें दीड पान. मीं तांबड्या शाईनें समासांत लिहिलें, "कथानक कोठें आहे?" आणि दहांपैकीं तीन गुण दिले.

दुसऱ्या दिवशीं ती वही घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं आली. "सर, त्या चित्रपटांत कथानक नाहींच. मग मी काय लिहूं?" मीं म्हटलें, "कथानक नाहीं असा चित्रपट नसतो. तुला तें समजलें नसेल." तिनें शांतपणें विचारलें, "सर, आपण तो पाहिला आहे का?" मीं पाहिला नव्हता. तसें मीं कबूलहि केलें नाहीं. तेवढ्यांत तासाची घंटा झाली, तिचा मला आधारच वाटला.

पुढें वर्षभर त्या मुलीनें माझ्या पद्धतीनें निबंध लिहिले. आरंभ, मध्य, शेवट, बोध, सर्व कांहीं जेथल्या तेथें. तिला आठ-आठ गुण मिळत गेले. त्या निबंधांपैकीं आज मला एकहि आठवत नाहीं. डाळिंबें मात्र आठवतात. तो चित्रपट मीं पाहिला तो ती शाळा सोडून गेल्यानंतर. तेव्हां तिला जें सांगावयास हवें होतें, तें येथें उशिरां सांगत आहें.

त्या चित्रपटाचें नांव "डाळिंबांचा रंग". सर्जेई पाराजानोव या दिग्दर्शकानें तो आर्मेनिया देशांत तयार केला. तो देश त्या वेळीं सोव्हिएत संघांत होता. १९६९ सालीं तेथें हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचा विषय म्हणजे सायात-नोवा हा अठराव्या शतकांतील आर्मेनियन कवि. हा विणकामाच्या धंद्यांत वाढला, जॉर्जियाच्या राजदरबारीं गायक झाला, पुढें धर्मगुरु झाला, आणि १७९५ सालीं इराणच्या सैन्याची स्वारी आली तींत मारला गेला. आर्मेनियन, जॉर्जियन व अझरबैजानी या तिन्ही भाषांत त्यानें गीतें रचिलीं. एवढें आयुष्य हातीं आलें असतां दुसऱ्या एखाद्या दिग्दर्शकानें त्यांतून तीन तासांचें नाट्य उभें केलें असतें: प्रेम, दरबार, वैराग्य, युद्ध! पाराजानोवनें तसें कांहींच केलें नाहीं. चित्रपटाच्या आरंभींच प्रेक्षकांस सूचना मिळते कीं, येथें कवीचें चरित्र सांगण्याचा प्रयत्न नाहीं, त्याच्या अंतःकरणांतील जग दाखविण्याचा प्रयत्न आहे.

हा भेद आपणांस अगदींच अपरिचित आहे असें नाहीं. दाविदाचें चरित्र आपण शमुवेलाच्या पुस्तकांत वाचतों. मेंढरें राखणारा मुलगा, गोफण, शौलाचा द्वेष, राज्य, पातक, पुत्रशोक, सर्व क्रमानें येतें. परंतु ज्या स्तोत्रांना परंपरेनें दाविदाचें नांव दिलें आहे, त्यांत कोणी कोठून निघून कोठें जात नाहीं. तेथें खडक आहे, पाणी आहे, मेंढपाळाची काठी आहे, रात्र आहे. स्तोत्रसंहिता वाचून "पुढें काय झालें?" असें कोणी विचारीत नाहीं. पाराजानोवनें सायात-नोवाचें "शमुवेल" बाजूला ठेविलें व त्याची "स्तोत्रसंहिता" पडद्यावर मांडली, असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं.

दुसरेंहि एक उदाहरण देतों. आपल्याकडे कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगांत बुवा एका अभंगाचा अर्थ उलगडतात, उत्तररंगांत आख्यान सांगतात. पुष्कळ श्रोते पूर्वरंगांत डुलक्या घेतात आणि आख्यान लागलें म्हणजे सांवरून बसतात. या जातीच्या चित्रपटांत उत्तररंग नाहींच. सारी रात्र पूर्वरंग! हें आधीं ठाऊक असलें म्हणजे निम्मी निराशा टळते.

आतां त्या पुस्तकांच्या दृश्याकडे वळूं, कारण सगळा चित्रपट मला तेथें कळला. मठांतील ग्रंथ पावसापाण्यानें भिजले आहेत. साधु ते जड ग्रंथ उचलून आणतात, दगडाखालीं दाबतात, आणि त्यांतून पाणी निथळून वाहूं लागतें. नंतर ते छपरावर नेऊन उघडे मांडतात. लहान कवि तेथें येतो, ग्रंथांच्या मध्यें आडवा होतो, आणि चहूंकडे पानें फडफडूं लागतात. संभाषण जवळजवळ नाहीं. कॅमेरा जागचा हालत नाहीं. या मुलाला विद्येची गोडी लागली, त्याच्या जातीचा सारा ठेवा नाशाच्या काठावर आहे, तो वाचविणें म्हणजे ओझें वाहणें आहे, हें कोणी बोलून दाखवीत नाहीं. पण तें सर्व आपणांस समजतें, आणि बोलून दाखविलें असतें तर समजलें असतें त्याहून अधिक समजतें. कथानकांत जें काम घटना करते, तें येथें पाण्यानें, दगडानें आणि वाऱ्यानें केलें आहे. मीं मुलीच्या वहीच्या समासांत "कथानक कोठें आहे?" असें विचारलें होतें. तें छपरावर वाळत पडलें होतें.

तसेंच रंगाऱ्यांचें दृश्य. लोकरीच्या लडी रंगांच्या कढयांतून काढून टांगलेल्या आहेत आणि तांबडे, निळे थेंब खालीं ठिबकत आहेत. विणकामाच्या धंद्यांत वाढलेल्या मुलाच्या कानांत शब्दांच्या आधीं हे थेंब पडले असले पाहिजेत. संपूर्ण चित्रपटांत माणसें आपल्याकडे तोंड करून, जुन्या आर्मेनियन हस्तलिखितांतील चित्रांप्रमाणें उभीं असतात. सोफिको चियाउरेली ही नटी तरुण कवीचें काम करते आणि कवीच्या प्रेयसीचेंहि तीच करते. इतरहि कित्येक भूमिका तिच्याच आहेत. नटनटींचा तुटवडा होता म्हणून हें केलेलें नाहीं. ज्यावर प्रीति जडली त्याचा चेहरा आपल्याच चेहऱ्यासारखा दिसूं लागतो, हें याहून थोडक्यांत सांगणें कठीण आहे.

असा स्थिर चित्रपट काढणारा मनुष्य स्वभावतःच थंड असेल असें कोणास वाटेल. पण याच पाराजानोवच्या १९६५ सालच्या "विस्मृत पूर्वजांच्या छाया" या चित्रपटांतील कॅमेरा डोंगरांतून, झाडांतून बेभान धांवतो. म्हणजे स्थिरता ही त्याची असमर्थता नव्हती, निवड होती.

या निवडीची किंमत त्याला द्यावी लागली. सोव्हिएत अधिकाऱ्यांना चित्रपट दुर्बोध वाटला. कवीचें चरित्र म्हणून तो पाहतां येत नाहीं, असा त्यांचा आक्षेप होता. चित्रपटाचें मूळ नांव "सायात-नोवा" असें होतें, तें बदलावें लागलें. पुढें दुसऱ्या एका दिग्दर्शकानें कापून व जुळवून केलेली निराळी प्रत इतरत्र दाखविण्यांत आली. १९७३ सालीं पाराजानोवला निरनिराळे आरोप ठेवून अटक झाली, आणि चार वर्षें त्यानें बंदिवासांत काढलीं. फ्रेंच लेखक लुई आरागाँ यांच्यासारख्यांनीं रदबदली केल्यावर १९७७ च्या अखेरीस तो सुटला. कैदेंतहि तो हातीं येईल त्या वस्तूंपासून चित्रें करीत असे. पुढील चित्रपट त्याला १९८० नंतरच्या दशकांत करतां आला. १९९० सालीं तो वारला. २०१४ सालीं त्याच्या या चित्रपटाची मूळ रूपाशीं शक्य तितकी मिळतीजुळती प्रत दुरुस्त करून कान येथील महोत्सवांत दाखविण्यांत आली. ज्या चित्रपटांत "कांहीं घडतच नाहीं" त्याची सरकारला एवढी धास्ती कां वाटावी? मला वाटतें, गोष्ट आली कीं तिचा ठरीव अर्थ लावतां येतो, तिला आज्ञेप्रमाणें शेवट जोडतां येतो. कापडावर पसरणाऱ्या डाळिंबाच्या रसाला कोणता शेवट जोडणार? त्या डागाच्या आकारांत कित्येकांना प्राचीन आर्मेनियाचा नकाशा दिसला. दिसला तर दिसला. चित्रपट त्याविषयीं एक शब्दहि बोलत नाहीं.

पाराजानोव स्वतः सांगत असे कीं, आंद्रेई तार्कोव्स्की याचा १९६२ सालचा "इवानचें बालपण" हा चित्रपट पाहून त्याचे डोळे उघडले. या तार्कोव्स्कीनें १९७५ सालीं "आरसा" नांवाचा चित्रपट केला. त्यांत एक आजारी मनुष्य आपलें आयुष्य आठवीत असतो. त्याचा आवाज ऐकूं येतो, चेहरा दिसत नाहीं. आठवणी क्रमानें येत नाहींत, कारण आठवणी क्रमानें येतच नसतात. पाऊस पडत असतांना एक गोठ्यासारखी लाकडी कोठी जळत असते आणि घरांतलीं माणसें नुसतीं उभीं राहून पाहतात. एक अनोळखी मनुष्य शेतांतून परत जाऊं लागतो आणि सबंध शेत वाऱ्यानें एकदम लवतें. तो वळून पाहतो. बस, इतकेंच. दिग्दर्शकाच्या वडिलांच्या कविता वडिलांच्याच आवाजांत मधून मधून ऐकूं येतात, आणि म्हाताऱ्या आईच्या जागीं त्याची खरी आई उभी आहे.

या चित्रपटाविषयींची एक बाब पालकांनीं मुद्दाम लक्षांत घ्यावी. लहानपणच्या घरापुढें पांढऱ्या फुलांचें धान्य, ज्याला आपल्याकडे कुट्टू म्हणतात, तें पेरलेलें असे, असें तार्कोव्स्कीला आठवत होतें. चित्रणाच्या वेळीं तेथें दुसरेंच पीक निघत होतें. येथें तें धान्य येणार नाहीं, असें तेथल्या शेतकऱ्यांचें म्हणणें पडलें. त्यानें शेत भाड्यानें घेतलें, कुट्टू पेरलें, आणि तें फुललें. पडद्यावर तें शेत क्षणभर दिसतें. प्रेक्षकाला पिकाचें नांव कळण्याचेंहि कारण नाहीं. तरी "ही नुसती शोभा आहे" असें मला तें पाहतांना एकदांहि वाटलें नाहीं, आणि पिकाची हकीकत मीं त्यानंतर वाचली.

हा चित्रपट लागल्यावर लोकांनीं तार्कोव्स्कीला पत्रें लिहिलीं, त्यांतील कांहीं त्यानें आपल्या पुस्तकांत दिलीं आहेत. कित्येक जण चिडले होते. कांहींच समजलें नाहीं, डोकें मात्र दुखलें, असें एका बाईनें कळविलें. दुसरीनें आभार मानून लिहिलें कीं, माझें बालपण असेंच होतें, तें तुम्हांला कसें कळलें? दोघींनीं एकच चित्रपट पाहिला होता. माझ्या त्या तीन गुणांची आठवण मला हीं पत्रें वाचतांना झाली. मी डोकें दुखणाऱ्यांच्या बाजूला, आणि तेंहि चित्रपट न पाहतां, जाऊन बसलों होतों.

परंतु एवढ्यावरून स्वप्नवत् दिसणारा प्रत्येक चित्रपट थोर, असें कोणीं समजूं नये. सुंदर दृश्यें आज फार स्वस्त झालीं आहेत. धुकें, दिव्यांची झगमग, संथ गतीनें उडणारा पदर, आकाशांतून घेतलेलें समुद्राचें चित्र, हें सर्व पैसा असला कीं विकत मिळतें. तें पाहून घरीं आल्यावर दुसऱ्या दिवशीं कांहींच उरत नाहीं. भिंतीवरच्या कॅलेंडरांतील धबधबा वर्षभर समोर असतो, तरी आपण त्याकडे तारखेपुरतेंच पाहतों. मग फरक ओळखावा कसा? मीं माझ्यापुरती एक कसोटी ठरविली आहे: हें दृश्य कोणाचें आहे? भिजलेलीं पुस्तकें त्या मुलाचीं आहेत. लवलेलें शेत त्या मरणोन्मुख माणसाचें आहे. दृश्यापाठीमागें कोणाचें तरी मन उभें असेल, कोणाची तरी ओढ किंवा भीति त्यांत असेल, तर पात्रें कमी बोललीं तरी तीं आहेत. कोणाचेंच नसेल, तर तें कॅलेंडर.

ही कसोटी आपल्या देशांतील एका चित्रपटाला लावून पाहूं. पुण्यास प्रभात कंपनीचा स्टुडिओ होता. १९३६ सालचा "संत तुकाराम" काढणारी ही मंडळी. गोष्ट सांगण्यांत त्यांचा हात धरणारे थोडेच. त्याच आवारांत १९६० सालीं चित्रपटकलेच्या शिक्षणाची सरकारी संस्था सुरू झाली. तेथें ऋत्विक घटक यांच्यापाशीं शिकलेल्या विद्यार्थ्यांत मणि कौल हे एक होते. त्यांचा पहिला मोठा चित्रपट "उसकी रोटी", १९७० सालचा. मोहन राकेश यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. पंजाबांतील एका खेड्यांतली बालो बसगाडी चालविणाऱ्या आपल्या नवऱ्यासाठीं रोटी घेऊन रोज रस्त्याच्या कडेला उभी राहते. एके दिवशीं, धाकट्या बहिणीची कोणीं छेड काढल्यामुळें, तिला उशीर होतो. नवरा रागावून रोटी न घेतां गाडी हांकतो. ती रात्र पडेपर्यंत तेथेंच थांबते. ही गोष्ट एका पोस्टकार्डावर मावेल. चित्रपट मात्र जवळजवळ दोन तास चालतो, आणि त्यांतील कोणता भाग घडलेला व कोणता त्या बाईच्या मनांतला, हें निश्चित सांगतां येत नाहीं. कणकेवरचे हात, भिंत, रिकामा रस्ता, पुन्हां हात.

कबूल करतों, पहिल्या खेपेस मला झोंप लागली. दुसऱ्या खेपेस ध्यानांत आलें कीं, मला कंटाळा आला तोच तिचा दिवस होता. वाट पाहणें ही गोष्ट घटना सांगून कळवितां येत नाहीं. "ती पांच तास थांबली" हें वाक्य वाचावयास दोन क्षणहि लागत नाहींत. ज्या घरांत कोणी उशिरां येणाऱ्या माणसासाठीं ताट झांकून बसतें, त्या घरांतील मुलांना हा चित्रपट समजावून सांगण्याची फारशी गरज पडूं नये.

सर्वांचें मत असें नाहीं. मणि कौल व त्यांचे सहाध्यायी कुमार शाहनी यांच्या पुढील चित्रपटांवर सत्यजित राय यांनीं १९७४ सालच्या एका लेखांत कडक टीका केली. नाजूक सौंदर्यासक्तीनें या मार्गाला अशक्तपणा येतो, असा तिचा रोख होता. राय यांच्यासारख्या जाणत्यानें हें म्हटलें आहे, तेव्हां तें झटकून टाकतां येत नाहीं. "डाळिंबांचा रंग" पाहतांनाहि शेवटच्या तृतीयांशांत माझें मन कांहीं वेळ बाहेर राहिलें. दृश्यें एकामागून एक येत होतीं, पण म्हातारा होत चाललेला कवि त्यांत मला सांपडेना. तो पुन्हां सांपडला तो अगदीं अखेरीस, मेणबत्त्यांच्या मध्यें आडवा झाला तेव्हां. (तेथें पांढऱ्या कोंबड्या तडफडत पडतात, तसेंच एक स्नानगृहाचें दृश्यहि आहे. लहान मुलांना दाखविण्यापूर्वीं पालकांनीं चित्रपट स्वतः पाहावा हें बरें.)

घरीं असे चित्रपट पाहावयाचे असतील तर अनुभवानें सुचलेलें थोडें सांगतों. ते जेवतांना पाहूं नयेत. भ्रमणध्वनि दुसऱ्या खोलींत ठेवावा, कारण येथें एक नजर चुकली कीं मागचें कोणी पुन्हां सांगत नाहीं. सबंध चित्रपट एका बैठकींत संपविण्याचा आग्रह नको. वीस मिनिटें पाहून थांबलें तरी चालतें, कवितेचें पुस्तक आपण तसेंच वाचतों. आणि पाहून झाल्यावर मुलाला "काय समजलें?" असें विचारूं नये. परीक्षेचा वास आला कीं मूल आपल्याला हवें तें उत्तर देतें, हें मीं पुरेपूर अनुभविलें आहे. "काय दिसलें?" असें विचारावें, आणि तें सांगत असतांना मध्यें बोलूं नये. हें दुसरें फार अवघड जातें, विशेषतः शिक्षकांना.

यंदां नववीला मीं तोच जुना निबंध दिला नाहीं. "मीं पाहिलेलें एक दृश्य" असा विषय दिला. गोष्ट नको, बोध नको, एक पान पुरे. बहुतेकांनीं सूर्योदय लिहिला, त्यांत नवल नाहीं. पांच-सहा जणांनीं समुद्रकिनारा. एका मुलानें लिहिलें कीं, आई दवाखान्यांत असतांना तो पहांटे उठला, तर वडील स्वयंपाकघरांत दिवा न लावतां चहा करीत होते. गॅसची निळी ज्योत आणि तिच्यावर धरलेले वडिलांचे हात एवढेंच दिसत होतें, आणि चहा उतूं गेला तरी ते हात हालले नाहींत. आई पुढें बरी झाली कीं नाहीं, हें त्यानें लिहिलेलें नाहीं. मलाहि समासांत तसें विचारवलें नाहीं. वही अजून माझ्या मेजावर आहे. गुण मांडावयाचे राहिले आहेत.